गेमिंग आणि संगीत, दोन्हींसाठी एकच कॉम्प्युटर: सुटे भाग कसे निवडाल?

ज्या मशीनवर गेम खेळायचे त्याच मशीनवर गाणीही रेकॉर्ड करायची, असं ठरवून पहिल्यांदाच सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आणि लगेच दुसरा, "कार्ड कोणतं टाकू?" फक्त गेम खेळायचे असतील तर हा क्रम ठीक आहे. संगीताचं काम करायचं असेल तर मी क्रम उलटा लावायला सांगेन. मशीन किती शांत आणि किती स्थिर राहील ते आधी ठरवा, आणि उरलेल्या पैशांत मिळेल तेवढं चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्या. कार्ड पुढेमागे दहा मिनिटांत बदलता येतं. घरघर करणारी केस, हलक्या दर्जाचा पॉवर सप्लाय किंवा चुकीचा मदरबोर्ड बदलायचा म्हटलं तर सगळं मशीन उसकटावं लागतं.

दोन्ही कामांची गरज मुळात कशी वेगळी आहे, ते थोडं समजून घेऊ. गेममध्ये सेकंदाला ६० किंवा १४४ चित्रं तयार व्हावी लागतात. एखादं चित्र उशिरा आलं तर हलकासा झटका जाणवतो आणि खेळ पुढे सरकतो. ध्वनीला ही मुभा नाही. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत प्रोसेसरकडे पाठवत असतं. ४८ किलोहर्ट्झला (म्हणजे आवाजाची सेकंदाला ४८,००० मापं; एक माप म्हणजे एक सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे तुकडा, ठेवला, तर एका तुकड्यासाठी प्रोसेसरच्या हाती फक्त २.७ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात सगळ्या ट्रॅकवरचे रिव्हर्ब (घुमारा), कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारा) आणि सॅम्पल वाद्यं (आधी रेकॉर्ड केलेल्या सुरांवर चालणारी) यांचं गणित उरकलं पाहिजे. नाही उरकलं तर 'टक्' असा आवाज येतो, आणि तो चांगल्या जमलेल्या टेकच्या (एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगच्या) मधोमध येऊ शकतो. बफर ५१२ केला तर प्रोसेसरला १०.७ मिलिसेकंद मिळतात, पण मग गाणाऱ्याला हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून ऐकू येतो आणि लय बिघडते. म्हणून संगीताच्या मशीनमध्ये सरासरी वेगापेक्षा सातत्य मोलाचं.

पहिली पायरी: काम कागदावर मांडा

कोणते गेम, किती मोठ्या स्क्रीनवर? व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे गेम १०८० पिक्सेलच्या स्क्रीनवर मध्यम कार्डवरही सुसाट चालतात. सायबरपंकसारखा गेम १४४० पिक्सेलवर, रे ट्रेसिंग (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारी सोय) लावून खेळायचा तर हिशेब पार बदलतो.

संगीताच्या बाजूने याहून मोठा प्रश्न आहे: माइक आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असणार का? एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये माउसने बीट बनवणाऱ्याला पंख्याच्या आवाजाशी फारसं देणंघेणं नाही. पण त्याच खोलीत कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) लावून तंबोऱ्यावर अभंग गायचा असेल, किंवा तबल्याच्या बायाची आस शेवटपर्यंत टिपायची असेल, तर मशीनची घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरणारच. आपल्याकडच्या बहुतेक घरांत ही एकच खोली असते. त्यामुळे पुढचं सगळं त्याच गृहीतावर लिहिलं आहे.

दुसरी पायरी: भिंतीतला प्लग

सुट्या भागांच्या यादीत हा मुद्दा कुणी लिहीत नाही, म्हणून मी तो सगळ्यांच्या आधी घेतोय. अर्थिंग नीट नसेल तर पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमुळे केसच्या पत्र्यावर थोडा व्होल्टेज राहतो. हात लावला की चुणचुणतं, आणि गिटार जोडली की स्पीकरमधून 'हूं' असा गुणगुणाट येतो. कितीही महागडा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्यं कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणला तरी हा आवाज जात नाही. नवीन मशीन आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून खोलीतल्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर नक्कीच. गुणगुणाट घालवायला अर्थची पिन मोडणं हा धोकादायक उपाय आहे. त्या वाटेला जाऊ नका. कॉम्प्युटर, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवरून जोडले आणि स्पीकरला बॅलन्स्ड केबल (बाहेरचा गोंगाट रोखणारी) वापरली, तर माउस हलवताना स्पीकरमधून येणारी किरकिरही बहुधा थांबते.

यूपीएस घेताना त्यावर लिहिलेला व्हीएचा आकडा पाहून फसू नका. ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॉटच असते. गेम चालू असताना मध्यम मशीन मॉनिटरसकट तेवढे सहज ओढतं, म्हणजे वीज गेल्याक्षणी यूपीएसही मान टाकतो. १००० ते ११०० व्हीएचा घ्या, आणि जमलं तर शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लाट) देणारा. हल्लीच्या चांगल्या पॉवर सप्लायला तो अधिक मानवतो.

तिसरी पायरी: प्रोसेसर

संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर एकामागे एक लावलेल्या प्लगिनची (रिव्हर्बसारख्या जोड-सॉफ्टवेअरची) साखळी साधारणपणे एकाच कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका गणित-केंद्रावर) चालते, कारण पहिल्याचं काम संपल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही. म्हणून एका कोअरचा वेग आधी बघायचा, आणि ट्रॅकची संख्या पेलायला कोअरची संख्या नंतर. गेमिंगचंही थोडंफार असंच असल्याने या एका भागात दोन्ही कामांचं छान जमतं.

सुरुवात करणाऱ्याला रायझन ५ ७६०० पुरेसा आहे: ६ कोअर, ६५ वॉट, आणि डब्यातच कूलर मिळतो. ट्रॅक भरपूर असतील तर ८ कोअरचा रायझन ७ ७७०० किंवा ९७००एक्स घ्या. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी यांच्यातल्या जादा कॅशेचा (प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीचा) फायदा गेममध्ये ठळक दिसतो. संगीतात त्यामानाने फारसा दिसत नाही, त्यामुळे दोन्ही कामं समसमान असतील तर ते पैसे रॅमकडे आणि केसकडे वळवावेत असं माझं मत आहे.

हे सगळे प्रोसेसर एएमडीच्या एएम५ सॉकेटचे, म्हणजे मदरबोर्डावरच्या त्या खाचेत बसणारे. हा सॉकेट २०२२ साली आला आणि तो किमान २०२७ पर्यंत चालू ठेवू असं कंपनीने जाहीर केलं आहे, म्हणजे पुढे बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल. इंटेलचे १२व्या ते १४व्या पिढीचे प्रोसेसर एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतात. त्यांतल्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या मॉडेलांमध्ये मशीन अस्थिर होण्याचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर, विशेषतः जुना, घेत असाल तर बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ताजा केल्याशिवाय वापरू नका. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, हेही लक्षात ठेवा. कार्ड दुरुस्तीला गेलं तर तेवढे दिवस स्क्रीनच बंद. संगीताचं काम अडू द्यायचं नसेल तर अंगचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर बरा.

चौथी पायरी: मदरबोर्ड, रॅम, साठवण

मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा घ्या. त्यावरच्या दिव्यांकडे न पाहता मागच्या बाजूचे यूएसबी पोर्ट मोजा. ऑडिओ इंटरफेस, मिडी कीबोर्ड (सुरांच्या पट्ट्यांचा), माउस, कीबोर्ड, काही प्लगिनांची डोंगल (परवान्याची यूएसबी चावी), बाहेरची हार्ड डिस्क: सहा पोर्ट कधी भरतात कळत नाही. इंटरफेस नेहमी मागच्या पोर्टलाच थेट जोडायचा, हबमधून नाही. पोर्ट यूएसबी २ असला तरी चिंता नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचे दोन चॅनेल सेकंदाला जेमतेम २.३ मेगाबिट मागतात आणि यूएसबी २ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. 'स्टुडिओ दर्जाचा आवाज' असं डब्यावर छापलेल्या बोर्डासाठी जादा पैसे मोजू नका. तुमचा आवाज इंटरफेसमधून येणार आहे. एखादा इंटरफेस थंडरबोल्टचा (यूएसबीहून वेगळ्या, वेगवान जोडणीचा) असेल तर मात्र बोर्डावर तो पोर्ट आहे ना, हे खरेदीच्या आधीच बघा.

रॅम ३२ जीबी, म्हणजे १६च्या दोन कांड्या. एएम५ ला डीडीआर५ (रॅमची पाचवी पिढी) हीच लागते आणि ६००० च्या वेगाची त्याला चांगली मानवते. चार कांड्या लावल्या की वेग खाली आणावा लागतो, म्हणून सुरुवातीला दोनच स्लॉट वापरा. ऑर्केस्ट्रासारख्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी वापरणार असाल तर थेट ३२च्या दोन घेतलेल्या बऱ्या. २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, त्यामुळे हा सल्ला आता खिशाला जड जातो. अगदीच हात आखडता घ्यावा लागला तर ८च्या दोन कांड्यांऐवजी १६ची एकच घ्या आणि जोडीची नंतर आणा. मधल्या काळात गेमचा वेग थोडा कमी मिळेल, पण घेतलेलं काही टाकून द्यावं लागणार नाही.

साठवणीसाठी एक टीबीच्या दोन एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावर थेट बसणाऱ्या, न फिरणाऱ्या ड्राइव्ह): एकीवर विंडोज आणि गेम, दुसरीवर प्रोजेक्ट आणि सॅम्पल. पीसीआयई ४ च्या साध्या ड्राइव्ह दोन्हींना पुरतात. फिरणारी हार्ड डिस्क केसमध्ये ठेवू नका. तिची गुरगुर माइकला ऐकू जाते. बॅकअपसाठी ती बाहेर ठेवा आणि रेकॉर्डिंग संपल्यावरच जोडा.

पाचवी पायरी: शांतता

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची म्हटली तर ही ठेवा. पंख्याच्या आवाजाचं मूळ उष्णतेत असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा पंखा कितीही वेगात फिरला तरी खोलीतलीच गरम हवा आत ओढणार. तिथे कमी वॉट खाणारा प्रोसेसर हीच खरी शांततेची खरेदी. ६५ वॉटचा प्रोसेसर घ्या म्हणून वर सांगितलं, त्यामागे हेही कारण आहे.

समोर जाळी असलेली, हवा मोकळी खेळणारी केस निवडा. काचेच्या बंद तोंडाची केस दिसते देखणी, पण हवा कोंडते आणि पंख्यांना धावावं लागतं. १४० मिलिमीटरचे मोठे पंखे कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतात आणि त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, कमी टोचणारा असतो. पुढे दोन, मागे एक, एवढे पंखे मध्यम मशीनला पुरतात. धुळीची जाळी बाहेरून सहज निघणारी हवी, नाहीतर ती कधीच साफ होत नाही.

प्रोसेसरच्या डब्यात आलेल्या छोट्या कूलरने काम चालतं, पण ताण आला की तो चिरचिरतो. त्याऐवजी उभ्या टॉवरचा एअर कूलर लावा. डीपकूल एके४०० सारखा साधा टॉवरही ६५ वॉटच्या प्रोसेसरला भरपूर झाला. वॉटर कूलिंगचा मोह मला संगीताच्या मशीनमध्ये नको वाटतो. त्याचा पंप मशीन रिकामं असतानाही फिरत राहतो, आणि तो बारीक एकसुरी आवाज शांत टेकमध्ये लगेच कळतो.

मग बायोसमध्ये पंख्यांचा आलेख स्वतः मांडा. ६० अंशांपर्यंत वेग अगदी कमी आणि स्थिर ठेवायचा, पुढे हळूहळू चढवायचा. प्रोसेसर क्षणभर तापला की पंखा लगेच उसळी घेतो, ते टाळायला वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याचा पर्याय बहुतेक बोर्डांत असतो. तो चालू करा. सतत एका पातळीवर राहिलेला मंद आवाज नंतर पुसता येतो, वर-खाली होणारा आवाज पुसणं फार कठीण. केस टेबलावर न ठेवता खाली, माइकच्या पाठीमागच्या दिशेला ठेवा. कार्डिओइड माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो.

सहावी पायरी: ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय

आता उरलेले पैसे मोजा. हल्लीचे मोठे गेम पाहता ८ जीबी मेमरीचं नवं कार्ड मी सुचवणार नाही. १०८० पिक्सेलवरही काही गेमना ती अपुरी पडू लागली आहे. २०२५ मध्ये आलेली आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. दुकानात मॉडेलचं नाव ऐकून समाधान मानू नका, मेमरीचा आकडा डब्यावर वाचा. बजेट कमी असेल तर १२ जीबीचं इंटेल आर्क बी५८० बघण्यासारखं आहे. या कार्डाला 'रिसाइझेबल बार' नावाची सोय लागते, म्हणून ते जुन्या मशीनमध्ये घालू नये.

संगीताला कार्डाची ताकद लागत नाही, पण कार्डाचा आवाज नक्की नडतो. ताण नसताना ज्याचे पंखे पूर्ण थांबतात असंच कार्ड घ्या. रेकॉर्डिंग करताना ते अगदी मुकं राहतं.

पॉवर सप्लायचा हिशेब सोपा आहे. ५०६० टीआय १८० वॉट, ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट, बाकी सगळं मिळून ५०-६०. म्हणजे साडेतीनशेच्या आत. ६५० वॉटचा, ८० प्लस गोल्ड दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा), चांगल्या कंपनीचा सप्लाय घेतला तर तो निम्म्या ताणावर, थंड आणि जवळजवळ निःशब्द चालतो. केसबरोबर फुकट मिळणारा सप्लाय घेऊ नका.

सातवी पायरी: आवाजाची सामग्री

एकट्याने गाणाऱ्याला किंवा वाजवणाऱ्याला दोन इनपुटचा इंटरफेस पुरतो. फोकसराइट स्कारलेट २आय२ हा त्यातला सगळीकडे दिसणारा. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट तो देतो. तबला-डग्गा, हार्मोनियम आणि गळा एकत्र रेकॉर्ड करायचा तर चार माइकचे इनपुट हवेत, आणि ते नंतर वाढवता येत नाहीत, तेव्हा हे आजच ठरवा. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असलाच पाहिजे. विंडोजवर कमी उशिराने आवाज मिळण्याची हीच खात्रीची वाट आहे.

गेमिंग हेडसेट घेऊ नका. बंद कपाचे स्टुडिओ हेडफोन घ्या, म्हणजे कानातला ठेका माइकमध्ये गळणार नाही. त्यावर गेममधली पावलंही छान ऐकू येतात. टीममध्ये बोलायला तोच इंटरफेस आणि तोच माइक चालतो. सॉफ्टवेअरसाठी घाई नको: रीपर ६० दिवस मोफत वापरून पाहता येतं आणि त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे.

खरेदी आणि जोडणी

मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात फिरून भाव काढा आणि ऑनलाइनच्या भावाशी ताडून बघा. भाग कुठूनही घ्या, पण प्रत्येकाचं जीएसटी बिल आणि त्यावर सीरियल नंबर हवा. वॉरंटीच्या दारात तोच कागद विचारतात. नवे प्रोसेसर घेताना दुकानदाराला एक काम आवर्जून सांगा: "बोर्डाचा बायोस अपडेट करून द्या." जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर सुरूच होत नाही.

जोडताना प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. जोर लावायची गरज पडत नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर रॅमच्या दोन कांड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक सोलायला विसरू नका. मॉनिटरची केबल कार्डाला जोडा, बोर्डाला नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ रॅम स्वतःची जुळवाजुळव करते आणि स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाबरून बटण दाबू नका, थांबा.

स्क्रीन आली की बायोसमध्ये एक्सपो चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम तिच्या मूळ कमी वेगानेच धावेल. टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीनच्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू आहेत ना, तेही बघून घ्या: विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर दोन्ही मागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्या मशीनवर ११च टाका.

विंडोज बसल्यावर मॉनिटरचा रिफ्रेश रेट सेटिंगमध्ये जाऊन वाढवा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आपोआप ६० वर राहिलेला पुष्कळदा दिसतो. इंटरफेस, विंडोज आणि रेकॉर्डिंगचे प्रोजेक्ट सगळे ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. गेमचा आवाज बहुधा त्याच दराचा असतो, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना इंटरफेस अडखळत नाही. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा आणि यूएसबीची वीज वाचवणारी सोय बंद करा.

शेवटी लेटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर अर्धा तास चालवा. कोणता ड्रायव्हर ध्वनीच्या कामात अडथळा आणतो ते त्यात नावासकट दिसतं. वाय-फायचा असेल तर रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद ठेवा किंवा लॅन केबल वापरा. ग्राफिक्सचा असेल तर त्याची वेगळी आवृत्ती टाकून बघा, आणि जी नीट चालते ती गाण्याचं काम अर्ध्यावर असताना बदलू नका. त्यानंतर रिकाम्या खोलीत, छताचा पंखा बंद करून, माइक जागेवर लावून दोन मिनिटांची शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर मोठ्याने ऐका. कार्डाची किंवा सप्लायची बारीक शिट्टी ऐकू आली तर भाग बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.